सात म्हशींचं तळं

बाळांनो, एका रानात एक तळं होतं आणि त्या तळ्यात एक म्हातारी कासवीण राहत असे. तिचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. काठावरच्या जांभळीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "मी रोप होते, तेव्हाही ही म्हातारीच होती." उन्हाळ्यात चार कोसांत दुसरं पिण्याजोगं पाणी नसे. हरणं, वानरं, ससे, साळिंदरं, तरस आणि सात रानम्हशी, साऱ्यांचा जीव त्या एका तळ्यावर.

या रानाला राजा नव्हता, पंच नव्हते. होती ती एक रीत. तळ्याच्या कडेला एक काळा दगड होता, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. कासवीण त्यावर ऊन खात बसलेली असे. पाण्यावर जो येई त्याला ती मान उंचावून विचारी, "ये बाबा. कुठून आलास? वाटेत काय पाहिलंस?" आलेल्याने काहीतरी एक सांगायचं आणि मग पाण्याला तोंड लावायचं.

हरिण म्हणे, "आजी, पलीकडच्या उताराला पळस फुललाय." तरस म्हणे, "खिंडीत दरड पडलीय, पोरांना तिकडून नेऊ नका." वानर काहीतरी थाप मारी, आणि आजी हसून म्हणे, "बरं, ही थाप. आता खरं सांग." मग सातही म्हशी एका ओळीत डुलत येत. त्यांची थोरली म्हणे, "आजी, उगवतीच्या बाजूला पायाला बूड लागायला लागलं. आज तिकडे लोळतो."

"लोळा गं बायांनो," आजी म्हणे.

म्हशी दुपारपर्यंत पाण्यात लोळत. बाहेर निघत तेव्हा शिंगांपासून शेपटीपर्यंत काळ्या गाळाने माखलेल्या. तशाच निथळत टेकडीकडे चालू लागत. तिकडे कुणाचं फारसं लक्ष नसे. म्हशी लोळतात, त्यात बघायचं काय? आजीलाही वाटे, हौस आहे त्यांची.

ही विचारपूस वरवर बघणाऱ्याला रिकामपणाची वाटेल. पण आमच्या पेठेत सोनाबाई कासारीण होत्या, त्यांची मला इथे आठवण होते. बांगड्या भरायला बाई समोर बसली, की सोनाबाई आधी तिचा हात हातात घेऊन विचारायच्या, "माहेरी सगळे बरे ना? धाकटा चालायला लागला का?" बोलता बोलता हात सैल पडायचा आणि बांगडी चढायची. घाई करणाऱ्या दुकानदारांकडे काचा फुटायच्या, सोनाबाईंच्या पुढ्यात कधी काचेचा तुकडा दिसला नाही. आजीचं विचारणं त्यातलंच होतं.

एका वर्षी साळिंदर म्हणालं, "कंद हातभर खोल गेलेत." टिटवी म्हणाली, "मी यंदा नदीच्या पात्रातच अंडी घातली." वानराने, खरं सांग म्हटल्यावर, सांगितलं, "मोहाची फुलं पंधरा दिवस आधी गळाली." आजीने तिन्ही गोष्टी मनात एकत्र केल्या आणि म्हणाली, "पोरांनो, यंदा पाऊस ताण देणार. आजपासून एकच वेळ प्या." सगळं रान एक वेळ प्यायलं. कुणी पहारा ठेवला नाही, कुणी शिक्षा सांगितली नाही. त्या सांगण्यात प्रत्येकाचा आपला शब्द मुरलेला होता, मग तो मोडणार कोण? पावसाने खरंच ताण दिला, आणि तळं पुरलं.

काय दिवस होते ते! सकाळी जांभळीखाली ओल्या मातीचा वास, खंड्याची निळी झेप, वानरांची टवाळी, आणि मधूनमधून आजीचा तो आवाज, "कुठून आलास? वाटेत काय पाहिलंस?" ते रान ज्यांनी पाहिलं, ते अजून त्याच्या गोष्टी सांगतात.

त्या रानात दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास एक पाहुणा येई. धोबी म्हणून एक चिमुकला पक्षी असतो. चालताना शेपटी सारखी वरखाली आपटतो, जणू घाटावर कपडेच धुतोय. हा धोबी उन्हाळाभर लांब उत्तरेच्या मुलखात राही आणि थंडीला इकडे येई. वाटेत देशोदेशीचे पक्षी भेटत. त्यामुळे काही डोळ्यांनी पाहिलेलं, काही कानांनी ऐकलेलं, असं बातम्यांचं मोठं गाठोडं घेऊनच तो उतरे.

एका वर्षी तळ्यावर फार गर्दी होती. हरणांची पाडसं वाढली होती, वानरांच्या दोन नव्या टोळ्या आल्या होत्या. आजीची विचारपूस चालू होती आणि मागे रांग खोळंबली होती. वानरांचा म्होरक्या कंटाळून धोब्याला म्हणाला, "काय हो पाहुणे, तुम्ही एवढं जग बघता. बाहेरच्या देशांत पाणी प्यायला इतका वेळ लागतो का?"

धोब्याने शेपटी आपटली. "छे! बाहेर सगळीकडे राज्यपद्धती आहे. तुमच्याकडे काहीच नाही, म्हणून हा घोळ."

"म्हणजे कशी?"

"गवताचा एक मोठा मुलूख आहे. तिथे सिंह राजा. त्याने एकदा गर्जना केली, की सगळे ओळीत. वाद नाही, चर्चा नाही. एकाचा शब्द आणि काम फत्ते."

सगळ्यांना ते पटलं. सिंह काही जवळपास नव्हता, पण डोंगरावर एक वाघ होता. त्याला बोलावणं गेलं. आता प्रश्न उरला आजीचा. तिला दूर हो म्हणायचं कसं? तर वानरांनी तिचा सत्कार केला. पळसाच्या पानांची शाल पाठीवर घातली, रानवेलीचा हार गळ्यात घातला. म्होरक्या भाषणात म्हणाला, "आजींनी आजवर फार केलं. त्यांनी आता विश्रांती घ्यावी." बाळांनो, आपल्याकडे ज्याला गप्प बसवायचं असतं त्याचा आधी सत्कार होतो, हे मी चार गावांत पाहिलंय.

आजी हार घेऊन दगडावर बसली. विचारणं तिने बंद केलं.

पहिला महिना झकास गेला, हे खोटं सांगणार नाही. वाघोबा जांभळीखाली बसे आणि रांग अशी सरळ, की दोरी धरावी. कोल्ह्यांची मधेच घुसायची सवय मोडली. तरसाची गुरगुर थांबली. जो येई तो चार घोट पिऊन निघून जाई. "याला म्हणतात राज्य!" वानर म्हणाले.

मग एक दिवस वाघ पाणी प्यायला वाकला आणि त्याला पाणी गढूळ दिसलं. पलीकडे म्हशी लोळत होत्या.

"हे कोण घाण करतंय?"

थोरली म्हैस उठून पुढे आली. "महाराज, आम्ही रोजच लोळतो. उगवतीकडे बूड लागायला लागलंय, म्हणून..."

"राजा पाणी पिताना बडबड नको! आजपासून ज्याच्या अंगाला चिखल, त्याने तळ्यात पाय ठेवायचा नाही."

थोरलीने दगडाकडे पाहिलं. आजीने मान आत ओढून घेतली होती. सात म्हशी एका ओळीत टेकडी ओलांडून पलीकडच्या दलदलीत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तळं आरशासारखं स्वच्छ झालं. हरणं आपापली तोंडं बघत पाणी प्यायली. सगळ्यांना फार बरं वाटलं.

त्या उन्हाळ्यात पाणी काळ्या दगडापासून चार हात मागे हटलं. आजीला पाण्यात उतरायला आता चालावं लागे. पावसाळ्यात वाघ दुसऱ्या रानात निघून गेला. का गेला, ते कुणाला कळलं नाही. विचारायची सवयच मोडली होती.

दसरा झाला. धोबी आला. सगळे त्याच्याभोवती जमले.

"एकाचं राज्य म्हणजे असंच," धोबी म्हणाला. "तो गेला की सगळं गेलं. यंदा मी तुमच्यासाठी फार चांगली पद्धत ऐकून आलोय. समुद्रापलीकडे ठिपक्यांचे रानकुत्रे आहेत. त्यांच्यात राजा-बिजा नाही. शिकारीला निघायचं की नाही, हे ते सगळे मिळून ठरवतात. ज्याला निघावंसं वाटतं, तो शिंकतो. पुरेशा शिंका पडल्या, की निघाले."

"शिंकतात?" म्हातारा ससा चपापला. "अहो, शिंक आली की आमच्यात निघालेला ससासुद्धा घडीभर थांबतो. तुम्ही शिंक ऐकून निघायला सांगता?"

"तुम्ही जुन्या वळणाचे," वानर म्हणाला. "इथे सगळे सारखे! लहानाची शिंक आणि मोठ्याची शिंक एकच. झालंच तर, कुणी भाषण करायचं नाही, फक्त शिंकायचं. म्हणजे वेळ वाचेल."

पहिली सभा भरली. मुद्दा होता वाघाच्या नियमाचा. तो ठेवायचा की मोडायचा? बोलावणं गेलं म्हणून म्हशीही आल्या. थोरलीने तोंड उघडलं, "मी एवढंच सांगते की..."

"बोलायचं नाही, शिंकायचं!" चहूकडून ओरडा झाला. मग नियम ठेवावा म्हणून हरणं शिंकली, वानरं शिंकली, ससेही शिंकले. एकशे चाळीस शिंका पडल्या. उलट बाजूला सात. म्हशींच्या शिंका फार मोठ्या होत्या, पण मोजायला सातच.

थोरली जाताना म्हणाली, "मागच्या वेळी एकाने हाकललं. या वेळी सगळ्यांनी मिळून. फरक एवढाच."

तरी या पद्धतीत मजा होती. सगळे जमत, हसत, एकमेकांना ओळखू लागले. तरसाशेजारी हरिण बसल्याचं मी ऐकलं ते याच काळात. लहानशा सशालाही वाटे की आपल्या नाकाला किंमत आहे. पण शिमगा आला, आंब्याला मोहोर आला, वाऱ्याबरोबर धूळ उडू लागली, आणि साऱ्या रानाला शिंका सुरू झाल्या. त्या दिवसांत जो ठराव मांडावा तो मंजूर! एका वानराने गंमत म्हणून मांडलं, "साळिंदराने काटे घरी ठेवून यावेत." त्रेचाळीस शिंका. मंजूर. बिचारं साळिंदर दोन दिवस तहानलेलं राहिलं. आणि म्हातारा ससा तर सभेला येताना वाटेतच कुणाची तरी शिंक ऐकून, अपशकुन झाला म्हणून घरी परते. त्याची शिंक कधी मोजलीच गेली नाही.

त्या उन्हाळ्यात पाणी काळ्या दगडापासून वीस हात मागे गेलं.

तिसऱ्या हिवाळ्यात धोब्याने हंसांची पद्धत आणली. उत्तरेचे हंस बर्फाचे डोंगर ओलांडून येतात, तेव्हा थव्याच्या पुढे एकच हंस कायम उडत नाही. पुढचा दमला की मागे जातो, दुसरा पुढे येतो. "पाळीपाळीने पुढारी!" धोबी म्हणाला. "यात कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही." हे फारच आवडलं. रोज एक पुढारी ठरला. हरणाच्या दिवशी गवतावर पहारा बसला, दुसऱ्या दिवशी कोल्ह्याने तो उठवला, तिसऱ्या दिवशी वानराने सगळ्यांना झाडावरून पाणी प्यायला सांगितलं. जुने नियम सगळ्यांनी मोडले, एक सोडून. चिखलाचा नियम कुणीच मोडला नाही, कारण स्वच्छ पाणी कुणाला नको असतं?

आजीची पाळी आली तेव्हा तळ्याच्या तळातून निघून ती दगडापर्यंत पोचेतो दिवस मावळला.

मी एकदा डोंगरी मुलखातून उत्तम घोंगड्या घेऊन कोकणात उतरलो होतो. लोकर अस्सल, विणकर नामांकित. वेंगुर्ल्याच्या त्या घामट उकाड्यात लोकांनी हात लावून वाहवा केली आणि परत घडी घालून दिल्या. घोंगडीत खोट नव्हती, माझ्या अकलेत होती. मी ती वीण पाहिली होती, पण ती पांघरून निजणाऱ्याला थंडी किती वाजते, हे विचारलं नव्हतं. धोब्याचं असंच झालं.

चैत्र लागला. तळं आता एवढंसं डबकं उरलं होतं आणि मध्ये गाळच गाळ. एका सकाळी सगळ्यांनी ठरवलं, दोन डोंगर ओलांडून मोठ्या नदीवर जायचं. वाट अवघड होती, पाडसं दमणार होती, पण इथे राहून मरायचं कशाला? निरोप घ्यायला एकेक जण आजीकडे येऊ लागला.

"तुम्ही पण चला ना आजी," हरणी म्हणाली. बोलताना तिने मान खाली घातली होती. आजीचा वेग तिला माहीत होता.

"तुम्हाला पाय आहेत, बाळ," आजी म्हणाली. "माझं घर पाठीवर आहे खरं, पण तळं पाठीवर नेता येत नाही. तुम्ही जा."

धोबीही उत्तरेला निघाला होता. तो दगडावर उतरला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याची शेपटी स्थिर होती. "आजी, माझं चुकलं असेल. पुढच्या थंडीत मी आणखी एक पद्धत..."

"पुढच्या थंडीत मी असेन की नाही, देव जाणे," आजी म्हणाली. मग जुनी सवय जिभेवर आली. सत्काराचा वाळका हार अजून गळ्यातच होता. तिने हळूच विचारलं, "आलाच आहेस तर सांग. आज कुठून आलास? वाटेत काय पाहिलंस?"

"काही विशेष नाही. टेकडीपलीकडच्या दलदलीवरून आलो. त्या सात म्हशी तिथे लोळतायत."

"आणि?"

"आणि काय... तिथे तळं झालंय, आजी. तीन वर्षांपूर्वी पाऊल बुडेल एवढं पाणी होतं. आता चांगलं खोल आहे. तुमचं हे होतं ना पूर्वी, अगदी तसं. फक्त काठचा चिखल असा, की म्हशींवाचून दुसरं कुणी उतरलं तर रुतेल."

आजी पाहतच राहिली. तिच्या डोळ्यांपुढून ती जुनी ओळ गेली: गाळाने माखलेल्या सात म्हशी, निथळत टेकडीकडे जाणाऱ्या. रोज सात पाठींवरून एवढाएवढा गाळ तळ्याबाहेर जात होता. इतकी वर्षं! आणि थोरली रोज सांगत होती, "उगवतीकडे बूड लागायला लागलं," म्हणजे तिथे गाळ साचतोय. आजी रोज ऐकत होती आणि म्हणत होती, लोळा गं.

"थांबा!" आजी ओरडली. एवढ्या मोठ्या आवाजात ती कधीच बोलली नव्हती. निघालेलं रान थबकलं. "जाताना मला एकेक गोष्ट सांगून जा. पूर्वीसारखी."

"आता कशाला?" वानरांचा म्होरक्या म्हणाला. "आता काय उपयोग?"

"तूच आधी सांग. थाप नको."

वानराने डोकं खाजवलं. "काल मी गाळात काठी खुपसली. वरून कोरडा, पण काठीचं टोक ओलं निघालं."

साळिंदर म्हणालं, "जांभळीच्या मुळाशी माती अजून गार आहे."

अशी एकेकाची गोष्ट ऐकता ऐकता शेवटी गवतातून एक चिरका आवाज आला. एक उंदीर बोलत होता. "जांभळीखाली माझं बीळ आहे. त्यात पाणी झिरपतं. जुना झरा आहे तिथे, गाळाने तोंड बुजलंय. तीन वर्षं मी बघतोय."

"अरे, मग बोलला का नाहीस?" आजी म्हणाली.

"कुणी विचारलं नाही."

"हो रे, या तीन वर्षांत कुणी कुणाला..."

"आधीही नाही, आजी," उंदीर म्हणाला. तो भीत भीत म्हणाला, पण म्हणाला. "तुम्ही दगडावर बसायचात. दगड उंच. माझा आवाज तिथवर पोचत नसे. मी पाणी पिऊन जायचो, तुम्हाला कळायचंसुद्धा नाही."

आजीने दगडाकडे पाहिलं. मग मान पुढे करून तिने हनुवटी मातीला टेकवली, उंदराच्या तोंडाशी तोंड येईल इतकी खाली. "चुकलं बाळा," ती म्हणाली. "आता सांग. नेमकं कुठे?"

म्हशींना आणायला हरणी पळत गेली. थोरली दलदलीत नाकापर्यंत बुडालेली होती. तिने एक डोळा उघडला. "एकाने हाकललं. मग एकशे चाळिसांनी शिंकून हाकललं. आता बोलावणं कोणत्या राज्याचं?"

"राज्याचं नाही. आजींनी विचारलंय."

"काय विचारलंय?"

"कुठून आलीस? वाटेत काय पाहिलंस?"

थोरलीने दुसराही डोळा उघडला. मग दलदल ढवळून ती उठली आणि तिच्या मागे सहाजणी उठल्या.

उंदराने दाखवलेल्या जागी म्हशी लोळल्या. पहिला दिवस नुसता गाळ. दुसरा दिवस गाळ. त्यांच्या पाठींवरून तो टेकडीवर जाई आणि वाळून झडे. रानडुकरांनी मुसंड्या मारून मदत केली, वानरांनी गाळातली मुळं ओढून काढली. नदीकडे निघालेलं रान दोन दिवस तहानेने व्याकूळ होऊन जांभळीखाली बसून राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी थोरलीच्या पोटाखालून बुडबुडे आले. आधी काळं पाणी, मग तांबूस. पिण्याजोगं होईपर्यंत संध्याकाळ झाली. एवढं गढूळ पाणी त्या रानाने कधी प्यायलं नव्हतं, आणि इतकं गोडही. फार नव्हतं हो ते. पण पावसापर्यंत पुरलं. आजी तरली.

मग साहजिकच प्रश्न निघाला, आता राज्य कुणाचं? कुणी म्हणालं, पाळ्या ठेवा. कुणी म्हणालं, शिंका बऱ्या होत्या. आजी म्हणाली, "शिंका ठेवा. माझ्या एकटीच्या शहाणपणावर रान चालवू नका, तो उंदीर माझ्याच राज्यात गप्प होता. फक्त शिंकण्याआधी प्रत्येकाला विचारा. आणि शिमग्यात सभा घेऊ नका." पुन्हा ती दगडावर कधी बसली नाही. खाली मातीत बसे.

पुढच्या दसऱ्याला धोबी आला. या वेळी वानरांच्या म्होरक्याने त्याला नवी पद्धत विचारली नाही. तो म्हणाला, "पाहुणे, एक सांगा. ते ठिपक्यांचे कुत्रे शिंकतात, पण शिंकण्याच्या आधी काय करतात?"

"आधी?" धोबी गोंधळला. "आधी ते सगळे गोळा होतात. एकमेकांच्या अंगाला अंग घासतात, तोंडाला तोंड लावतात, कोण कसा आहे ते बघतात. बराच वेळ चालतं ते. मला वाटलं, ते काही राज्यपद्धतीत येत नाही, म्हणून सांगितलं नाही."

"आणि हंस?"

"मागचे हंस पुढच्याला सारखी हाक देत असतात. कोलाहल असतो नुसता. ते मी गाळलं."

"आणि तुमचा तो सिंह?"

धोब्याची शेपटी पुन्हा थांबली. "शिकार सिंहिणी करतात," तो बारीक आवाजात म्हणाला. "त्यांच्या मनात नसेल, तर राजा उपाशी निजतो."

वानर हसला. "म्हणजे पाहुणे, तुम्ही प्रत्येक देशातून आंबा आणलात, पण रस तिथेच ठेवून आलात."

सारं रान हसलं, आजी सगळ्यांत जास्त. मग तिने धोब्याला जवळ बोलावून म्हटलं, "हसू दे त्यांना. दमलास ना? ये बाळ. कुठून आलास? वाटेत काय पाहिलंस?"

तो काळा दगड अजून तिथेच आहे म्हणतात. तळं भरलं की अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असतो. त्यावर आता खंड्या बसतो.

तात्पर्य : राज्य एकाचं असो, साऱ्यांचं असो की पाळीपाळीचं, ज्याच्या अंगाला चिखल लागतो आणि ज्याचा आवाज वर पोचत नाही, त्या दोघांना आधी विचारावं, मग कोणतीही पद्धत चालते.